तक्त्यावरचं एकच नाव

बन्सीधर सरांना भाषणाला उभं केलं की ते कुठल्याही विषयावर अर्धा तास बोलत, आणि विषय विजेचा निघाला तर पाऊण तास. मानवतहून नऊ किलोमीटरवर त्यांचं गाव, आणि गावातच जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. सर जन्मले तिथंच, शिकले तिथंच, आणि सुरुवातीला एकदोन बदल्या होऊन शिकवायलाही तिथंच आले. गावातली निम्मी कर्ती माणसं त्यांच्या हातचा मार खाऊन मोठी झालेली. त्यामुळे सरांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. आता अशा रेघा ओढायची सवय लागलेल्या माणसाला आपलं चुकलं हे कळायला जरा वेळ लागतो, आणि कळलं तरी तोंडातून निघायला त्याहून जास्त लागतो.

डिसेंबरात शाळांमध्ये ऊर्जा संवर्धनाचा सप्ताह असतो. बाकीच्या शाळा प्रभातफेरी काढून, चार घोषणा देऊन मोकळ्या होतात. सरांचं तसं नव्हतं. त्यांनी सहावी-सातवीच्या पोरापोरींचे ‘वीज पहारेकरी’ केले, त्यांच्या छातीवर पुठ्ठ्याचे बिल्ले लावले आणि त्यांना गावात सोडून दिलं. पहारेकऱ्यांनी दोन दिवसांत गाव जेरीस आणलं. दिवसा जळणारा बल्ब दिसला की घरात शिरून बटण बंद. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की घरमालकाला तिथल्या तिथं उपदेश. गावातला छोटा शेतकरी मुंजाजी, त्याची म्हातारी आई धुरपदाबाई टीव्हीसमोर बसल्या बसल्या जरा डुलकली, तर पोरांनी तिचा टीव्हीच बंद केला. म्हातारी काठी टेकत शाळेत हजर झाली.

“मास्तर, तिकडं सून सासूला जहर द्यायली व्हती, अन् तेवढ्यात तुमच्या पोरायनी लाईट बंद केली. आता ती सासू मेली का वाचली, हे मला कोन सांगंल?”

सर पोट धरून हसले. म्हातारीची नात भक्ती सातवीत होती, आणि पहारेकऱ्यांची म्होरकी तीच. आजीचा टीव्हीही तिनंच बंद केला होता, हे म्हातारीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी खरा विषय काढला. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘ऑटो’. शेतकऱ्याच्या पोरांना ऑटो काय ते सांगावं लागत नाही. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसवायची ती एक छोटी डबी. लाईट गेली की मोटार बंद पडते, आणि लाईट आली की ही डबी माणसाशिवाय ती चालू करते. शेतात जायला नको, लाईटची वाट बघत बसायला नको. पण गंमत अशी की एका डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जितक्या मोटारी, तितक्या सगळ्या मग लाईट येताच एका दमात सुरू होतात. तो झटका डीपीला सोसत नाही आणि ती जळते. पाणी कुणाला पाहिजे, कुणाला नको, हे डबीला कळत नाही. भिजलेल्या रानातही मोटार तासन् तास पाणी ओकत राहते.

“ऑटो म्हणजे आळस,” सर म्हणाले. “एकाचा आळस, चौदा जणांचा अंधार. आता तुम्ही शेतावर जायचं आणि प्रत्येक मोटार बघायची. ज्याला ऑटो असेल त्याच्या नावापुढं ‘आहे’ लिहायचं. आणि लक्षात ठेवा, खऱ्याची सुरुवात आपल्या घरापासून करायची!”

ओढ्याकडच्या डीपीवर चौदा मोटारी होत्या. ती यादी सरांनी भक्तीकडं दिली, कारण पोरीचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव फूटपट्टीसारखा सरळ. ती यंदा पहिल्यांदाच डिसेंबरात वर्गात दिसत होती, हे श्रेयही सरांचंच. दरवर्षी दिवाळी झाली की मुंजाजी बायकोपोरांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचा, आणि भक्ती पुन्हा शाळेत यायची ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मागच्या वर्षी त्याच्या विहिरीला पाणी लागलं. सर स्वतः त्याच्या दारात गेले होते. “मुंजाजी, दीड एकर गहू कर, घरी राहा, पोरीला शिकू दे. डोकं आहे तिला,” म्हणाले होते. मुंजाजीनं ऐकलं. “तुमी म्हनलात म्हनून थांबलो सर,” हे तो भेटेल तेव्हा सांगायचा.

पोरं मोजणीला निघायच्या आधीच बातमी शेतात पोचली होती. गावात अशा बातम्यांना पाय लागत नाहीत, पंख लागतात. वर नावं जाणार म्हणताच लोकांनी डब्या काढून कुणी खळ्यात, कुणी ज्वारीच्या पोत्यात लपवल्या. काही पोरांनी बापाच्या डोळ्यांकडं बघून ‘नाही’ लिहिलं. संध्याकाळी शाळा सुटताना भक्तीनं आपला कागद सरांपुढं ठेवला. चौदा नावं, त्यांपुढं बारा ‘नाही’ आणि दोन ‘आहे’. पहिलं ‘आहे’ तिच्या बापापुढं होतं. दुसरं बन्सीधर सरांपुढं.

“हे काय?” सर म्हणाले.

“ऑटो हाय सर. तुमच्या मोटारीला. लाईट आली तवा म्या तिथंच व्हते. हिरीवर कुनीच न्हवतं, अन् मोटार आपोआप चालू झाली.”

विहिरीवर कुणी नसायचंच. सर दिवसभर शाळेत, त्यांची बायको राजेश्री गुडघ्यांनी घरात जखडलेली, मुलगा पुण्यात. लाईट कधी सकाळी, कधी दुपारी. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी ऑटो बसवला होता. आणि देवाशप्पथ, फळ्यावर ‘ऑटो’ लिहिताना तो त्यांच्या ध्यानातही नव्हता. लोकांचा ऑटो हा आळस होता, त्यांचा हा नाइलाज. माणूस दुसऱ्याच्या आणि आपल्या मापासाठी वेगवेगळी वजनं ठेवतो, आणि दोन्ही खरीच आहेत असं त्याला मनापासून वाटत असतं.

“तो बंद पडलेला आहे,” सर म्हणाले.

“चालू व्हता सर.”

“खोड म्हटलं की खोडायचं, भक्ती.”

कागद पेन्सिलीचा होता. सरांनी खोडरबर स्वतः तिच्या हातात दिला. तिनं खोडलं, फुंकर मारली, त्या जागी ‘नाही’ लिहिलं. मग खालच्या मानेनं हळूच विचारलं, “सर, मग आमचंबी खोडू का?”

इथं सरांना एक क्षण मिळाला होता. नंतर रात्रंदिवस हाच क्षण त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहायचा. एक ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? पण शनिवारी कार्यक्रमाला तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. चौदा मोटारींत एकही ऑटो नाही म्हटलं तर साहेब हसले असते, मोजणीच खोटी ठरली असती. यादीत एक तरी नाव हवं होतं.

“नको,” सर म्हणाले. “ते राहू दे. खऱ्याला भिऊ नये.”

शनिवारी कार्यक्रम झोकात झाला. भिंतीवर भला मोठा तक्ता लागला, ‘ओढ्याची डीपी : मोटारी चौदा, ऑटो एक’, आणि त्याखाली रंगीत खडूनं एकच नाव, मुंजाजीचं. साहेब तक्त्यापुढं उभे राहून फोटो काढून घेते झाले. सरांनी भक्तीला मंचावर बोलावलं. “या मुलीनं स्वतःच्या वडिलांचं नाव लिहायलाही मागंपुढं पाहिलं नाही! याला म्हणतात प्रामाणिकपणा!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडपाच्या मागच्या टोकाला मुंजाजी उभा होता. आपल्या नावाचं नेमकं काय झालं हे त्याला पुरतं उमगलं नव्हतं, पण लेकीला टाळ्या पडतायत म्हटल्यावर त्यानंही हात उंच करून टाळ्या वाजवल्या. भक्तीनं बक्षिसाचा शब्दकोश घेतला तो जमिनीकडं बघत. सरांना वाटलं, पोरगी लाजली.

शाळेचं नाव तालुक्यात पहिलं आलं. बातमी छापून आली, तिच्यात सरांचा फोटो. ऑटो उद्या काढू, परवा काढू म्हणता म्हणता तसाच राहिला. मोजणी आटोपताच बाकीच्यांनीही पोत्यातल्या डब्या काढून पुन्हा बसवल्या. मुंजाजीनं मात्र कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी आपली डबी काढून टाकली होती, लेकीनं सांगितलं म्हणून. हे फक्त त्याच्या घरात माहीत होतं. तक्त्यावर त्याचं नाव तसंच राहिलं.

संक्रांत झाली आणि दोन दिवस लाईट नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आली. सर सातवीला अपूर्णांक शिकवत होते. ओढ्याकडून एक दणका ऐकू आला, खिडक्या थरथरल्या, आणि रानावर काळ्या धुराचा लोट दिसला. पोरं ओरडली, “डीपी जळाली! डीपी जळाली!” भक्ती मात्र ओरडली नाही. तिनं एकदा सरांकडं बघितलं आणि पुन्हा वहीत मान घातली. त्या बघण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, नुसतं माहीत असणं होतं. सरांच्या हातातला खडू मोडला.

दिवस मावळायच्या आत सरांनी शेतात जाऊन ऑटो काढला आणि घरी आणून माळ्यावर टाकला. राजेश्री दारात बसून तूर निवडत होती.

“आत्ता काढलात?” ती म्हणाली. “डीपी जळाल्यावर?”

“हळू बोल,” सर म्हणाले.

नवी डीपी यायला अकरा दिवस लागले. गहू पोटरीत आलेला, हरभरा घाट्यात, म्हणजे पाणी नेमकं लागायच्या वेळेला. बिनपाण्याचे ते अकरा दिवस गावानं दात-ओठ खात काढले. मुंजाजी त्या काळात सगळ्यांच्या पुढं होता. मानवतला चार चकरा त्यानं मारल्या, ट्रॅक्टरमधून डीपी उतरवताना खांदा त्यानंच दिला. डीपी खांबावर चढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली. आता वायरी जोडायच्या आधी गावाला एक दोषी पाहिजे होता. गावाचं असंच असतं; नुकसान झालं की आधी त्याला नाव पाहिजे, मग बाकीचं.

सरपंच माणिकराव मधोमध बसले होते. “कुनाकुनाचा ऑटो व्हता, खरं बोला,” ते म्हणाले.

जो तो आपल्या चपलेकडं बघायला लागला. डब्या केव्हाच पुन्हा पोत्यांत गेल्या होत्या. तेवढ्यात कडेला बसलेला जीवन म्हणाला, “विचारायला कशाला पाह्यजे? शाळंच्या भिंतीवर लिव्हलेलं हाय की. एकच नाव हाय.”

सगळ्यांच्या माना मुंजाजीकडं वळल्या. तो गडबडला. “माजा म्या कवाच काढला भाऊ. पोरीनं सांगितलं त्याच दिशी. पोरीची आन.”

“काढला ते कुनी पाह्यलं?” जीवन म्हणाला. “लिव्हलेलं मातूर समद्यायनी पाह्यलंय.”

“सरांनाच विचारा,” माणिकराव म्हणाले. “काय सर? तक्ता तुमच्या शाळंचा. खरा का खोटा?”

सर पाराच्या कट्ट्यावर मानाच्या जागी बसले होते. समोर मुंजाजी उभा होता आणि त्यांच्याकडं बघत होता. सरांवर त्याचा भरवसा होता. सर आता काहीतरी बोलतील आणि हे मिटेल, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. सरांना मंच आठवला, साहेब आठवले, पेपरातला फोटो आठवला. खोटा म्हणावं तर का खोटा, हे सांगावं लागलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

“तक्ता बरोबर आहे,” ते म्हणाले.

मग निकाल लागायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सगळ्यांच्या वायरी त्याच दिवशी जोडायच्या, मुंजाजीची नाही. सगळ्यांची दोन दोन पाणी झाल्यावर त्याची बघू. म्हणजे वीस-बावीस दिवस. वायरमन प्रीतम पोरगा भला होता, “अहो, त्याचा गहू वाळंल ना,” असं पुटपुटला, पण त्याचं कोण ऐकतो? मुंजाजीनं टोपी नीट केली आणि रानाकडं चालता झाला.

त्यानंतर भक्ती चार दिवस शाळेत आली. पूर्वी प्रश्न संपायच्या आत तिचा हात वर जायचा. आता तिचा हात वर जात नव्हता, आणि सर तिच्या बाकाकडं बघत नव्हते. एका वर्गात दोघं, आणि दोघांमध्ये ते एक खोडलेलं अक्षर. सरांना पहिल्यांदा कळलं की तेरा वर्षांच्या पोरीची भीती वाटू शकते. पाचव्या दिवशी ती आली नाही. सहाव्या दिवशीही नाही. सरांना सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचीच मग त्यांना किळस आली.

सातव्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत मुंजाजी शाळेत आला. चपला पायरीशी काढून व्हरांड्यात उभा राहिला.

“सर, सोमवारी टोळी जायलीय. मुकादमाचा निरोप आलाय, एक नवराबायकोचा कोयता कमी पडायलाय म्हनं. गव्हात आता काई दम न्हाई. पोरीलाबी नेतो. सांगून जावं म्हनलं.”

“पोरीला कशाला?” सर कसेबसे म्हणाले. “आजीजवळ ठेव.”

“म्हातारीचं तिचं तिलाच व्हईना. अन् पोरगीबी शाळंला नको म्हनायलीय.” मुंजाजी थांबला. मग आवाज खाली आणून, जणू आपलीच काही चूक कबूल करावी तसा म्हणाला, “सर, अजून एक व्हतं. तुमच्या कानावर काई आलं आसंल तर मनावर घेऊ नका. त्या बैठकीच्या दिशी पोरगी घरी कायबी बरळाया लागली. तुमचं नाव घ्यायली व्हती. म्हने ऑटो सरांचा व्हता, सरांनी खोडायला लावला. म्हनलं, ज्या मानसानं तुला शिकवलं त्याच्यावर आळ घेतीस? दिल्या दोन ठेवून. आजवर कधी हात लावला न्हवता तिला. पन खोटं बोलायली म्हनल्यावर राहवलं न्हाई. लेकरू हाय सर. माफी करा.”

असं म्हणून मुंजाजीनं हात जोडले.

शाळेत पोरांचा कालवा चालू होता, बाहेर कुणीतरी लंगडी घालत होतं, आणि हा माणूस सरांची माफी मागत होता. खरं बोलल्याबद्दल पोरीनं मार खाल्ला होता, आणि तो मारही सरांच्याच इज्जतीखातर. सरांना भिंतीत गडप व्हावंसं वाटलं. त्या क्षणी खरं बोलायचं होतं, पण त्यांनी ते जोडलेले हात नुसते खाली घेतले.

“जाऊ नको,” एवढंच ते म्हणाले. “सोमवारपर्यंत थांब. मी बघतो.”

शाळा सहशिक्षिका धम्मशीला मॅडमवर सोपवून सर तडक पारावर गेले. माणिकराव, जीवन आणि सात-आठ जण बसलेच होते. सर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, “ऑटो माझ्या मोटारीला होता. मुंजाजीनं त्याचा काढला होता. तक्ता खोटा आहे, मी खोटा करवला.”

पारावरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग जीवन हसला. “सर, गरिबाची कड घ्यावी ती तुमीच! पन एवढं मोठं पाप आपल्या अंगावर घ्यायचं म्हनजे…”

“अरे, खरं सांगतोय मी!”

“खरंच म्हनायलो आमी,” दुसरा म्हणाला. “लय मोठ्या मनाचा मानूस.”

सरांनी शपथ घेतली, माळ्यावरची डबी आणून दाखवतो म्हणाले. तेव्हा माणिकरावांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पिंपळाच्या पलीकडं नेलं. म्हातारा पूर्वी सरांच्या वडिलांचा मित्र. तो डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, “बन्सी, तुजा व्हता हे मला न्हाई का म्हाईत? माजाबी व्हता. जीवनचाबी व्हता. तेराच्या तेरा मोटारी एका दमात उठल्या म्हनून तर डीपी बसली. आता तुजा निघाला तर समद्यांचा निघंल. कशाला गावाची लाज उघडी करतूस? मुंजाजीची वायर जोडायची ना? जोडू. तुज्या शब्दाखातर जोडू. बस घरी जाऊन.”

आणि जोडली. प्रीतमनं दुपारी खांबावर चढून मुंजाजीची वायर जोडली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की गरिबाचा गहू वाचावा म्हणून सरांनी भर पारावर दोष आपल्या माथ्यावर घेतला. दुकानात, गिरणीत, हापशावर तेच. सर रस्त्यानं निघाले तर लोक उठून उभे राहायचे. आयुष्यात पहिल्यांदा पुरतं खरं बोलले होते, आणि त्याचंही गावानं बक्षीस करून त्यांच्या गळ्यात घातलं होतं. शनिवारी शाळेला रजा टाकून सर दिवसभर घराबाहेर पडले नाहीत.

“लोक म्हनायलेत, देवमानूस हाय,” राजेश्री ताट वाढताना म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा होती की दुःख, हे सरांना कळलं नाही. त्यांनी ताट सरकवलं.

रविवारी सकाळी ते मुंजाजीच्या रानात गेले. मोटार चालू होती. गव्हाचा कडेचा पट्टा पिवळा पडला होता, मधला मात्र हिरवा होता आणि त्यात पाणी शिरत होतं. मुंजाजी खोऱ्यानं बारं देत होता, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवत होता. बांधावर धुरपदाबाई शेंगा फोडत बसली होती. भक्ती पलीकडं पाटाच्या कडेला उभी होती. सर दिसताच मुंजाजीनं खोरं टाकलं, पळत आला आणि चिखलाच्या हातांनी त्यांच्या पायांवर वाकला.

“टोळीला न्हाई म्हनून कळवलं सर. तुमची मेहेरबानी.”

भक्ती बघत होती. बापाला त्या पायांवर वाकलेलं ती बघत होती. सरांनी मुंजाजीला दंडाला धरून उठवलं. येताना त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती, चांगली घोटीव, भाषणातल्यासारखी. त्यातलं एकही आठवलं नाही. शाळेची भाषाही आठवली नाही.

“मुंजाजी, पाया पडू नको. पारावर म्या सांगितलं ते खरंच व्हतं.”

“आसूं द्या सर,” मुंजाजी हसला.

“हसू नको, आयक. पोरगी खोटं बोलली न्हाई. ऑटो माज्या मोटारीला व्हता. तिनं माजं नाव लिव्हलं व्हतं. म्या खोडायला लावलं. तिनं इचारलं, आमचंबी खोडू का. म्या नको म्हनलो. साहेब यायलेत, एक नाव पाह्यजे म्हनून तुजं ठेवलं. अन् पारावर मला इचारलं, तवा समदं ठाऊक असून तक्ता बरोबर हाय म्हनलो. माजं नाव खराब व्हईल म्हनून.”

मुंजाजीचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहिलं तसंच, पण मागचं सगळं हळूहळू निघून गेलं. बांधावर शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

“त्या दिशी पारावर,” तो सावकाश म्हणाला, “म्या तुमच्याकडं बघायलो व्हतो. तुमी मान खाली घातली. मला वाटलं, माज्यामुळं सरांना लाज वाटायलीय. लय वाईट वाटलं व्हतं मला. माज्यापायी सरांची मान खाली झाली म्हनून.”

सरांना काहीतरी बोलायचं होतं. पण मुंजाजी त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो वळला, पाटाच्या पाण्यात हात धुतले, धोतराला पुसले आणि लेकीजवळ गेला. भक्ती आधी एक पाऊल मागं सरली. त्यानं तिच्या गालाला हात लावला, त्या दिवशी जिथं मारलं होतं तिथं.

“चुकलं माजं, माय,” तो म्हणाला. “तू सांगायली व्हतीस अन् म्या आयकलं न्हाई. चुकलं माजं.”

इतके दिवस न रडलेली पोरगी तेव्हा हमसून हमसून रडली. बापानं तिचं डोकं छातीशी धरलं आणि तो परत परत तेच म्हणत राहिला. माफी मागायला सर आले होते. मागत होता तो, ज्याचा काडीचा दोष नव्हता. आता त्याच्यामागून आपली माफी काय मागायची आणि कुठल्या तोंडानं, हे सरांना सुचेना. वाफा भरून पाणी बांधावरून सांडायला लागलं. सरांनी मुंजाजीचं पडलेलं खोरं उचललं आणि वाफ्याचं तोंड बुजवायला वाकले. बापलेकीपैकी कुणीच त्यांच्याकडं बघितलं नाही.

“ठेवा ते,” बांधावरून धुरपदाबाई म्हणाली. “आमचं आमी करतो.”

सरांनी खोरं खाली ठेवलं.